ज्येष्ठांसाठी परवडणारे उपचार मागायचे, म्हणजे नेमकं काय काय मागायचं?

पैलतीर

नमस्कार मंडळी,

१ ऑक्टोबरला, म्हणजे आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनी, आमचा ज्येष्ठांचा गट लोकप्रतिनिधींना एक निवेदन देणार आहे. मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मी ५२ वर्षांची, गटात सगळ्यांत लहान. आईला सोडायला-आणायला जाता जाता मीही गटातलीच झाले.

आई ७९ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी रात्री अडीचच्या सुमारास बाथरूमला जायला उठली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी झालं आणि चांगलं झालं. सर्जननी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला, हाड अगदी जागच्या जागी बसलेलं. त्यांच्या कामात काही खोट नाही.

पण आई आता वाचनालयात जात नाही. पूर्वी रोज संध्याकाळी जायची. पुस्तक बदलायचं निमित्त, खरं म्हणजे तिच्या तिघी-चौघी मैत्रिणी तिथे असायच्या. आता वाचनालयाच्या पायऱ्यांचं नाव काढलं की ती विषय बदलते. ऑपरेशनचा खर्च विम्यातून निघाला, पण नंतरचं फिजिओथेरपीचं बिल त्यात बसत नव्हतं. सहा आठवड्यांनी तिने स्वतःच ते बंद करायला लावलं. "तुमचा पैसा किती दिवस घालवू?" म्हणाली. हाड जोडण्याचा खर्च मिळाला, त्याच हाडावर पुन्हा चालायला शिकण्याचा नाही मिळाला. तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाहीये.

गटाच्या बैठकीत पहिली सूचना आली 'औषधं स्वस्त करा', दुसरी आली 'उपचार मोफत करा', आणि मग सगळे गप्प. मागण्या रास्त आहेत, पण एवढंच लिहिलं तर कागद फायलीत जाईल असं मला वाटतं. म्हणून विचारते, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत कुठली एक गोष्ट वेळेवर आणि परवडेल अशी मिळाली असती तर फरक पडला असता? अनुभव लिहा, लहान वाटला तरी लिहा.

दवबिंदू

महत्त्वाचा धागा. आईंना लवकर बरं वाटू दे. रात्री सविस्तर लिहिते.

गोष्टीवेल्हाळ

विम्याचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. वडिलांनी तीस वर्षं हप्ता भरला. त्या काळात दोनदाच दावा केला, तोही किरकोळ. सत्तरी ओलांडली आणि हप्ता दरवर्षी चढत गेला. निवृत्तिवेतन जागच्या जागी. शेवटी त्यांनी पॉलिसी सोडली आणि पुढच्याच वर्षी हृदयाचं दुखणं निघालं.

यात कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. जोखमीवर दर ठरतो, वय वाढलं की जोखीम वाढते, म्हणजे ज्याला सर्वात जास्त गरज त्यालाच सर्वात महाग. एकट्या-दुकट्याने विमा घ्यायचा तर हे असंच होणार. तरुण, म्हातारे, धडधाकट आणि आजारी सगळे एकाच गंगाजळीत असले तरच म्हातारपणी दर आवाक्यात राहतो. निवेदनात पहिला मुद्दा हा असावा.

आणि 'परवडणारं' या शब्दाला माप द्या, नाहीतर जो तो आपापला अर्थ लावेल. घराच्या एकूण खर्चातला १० टक्क्यांहून जास्त पैसा औषधोपचारावर खिशातून जात असेल तर तो कंबरडं मोडणारा खर्च, हे माप संयुक्त राष्ट्रांच्या विकास उद्दिष्टांसाठी बरीच वर्षं वापरलं गेलंय.

सडेतोड

धाग्यामागची कळकळ पोचली, पण माझं मत वेगळं आहे. मोफत काहीच नसतं. कुणीतरी ते भरतंच. आज तिशीत असलेला माणूस घराचे हप्ते फेडतो, मुलं वाढवतो, त्याच्यावर आणखी भार टाकायचा का? जगात २०३० पर्यंत दर ६ माणसांत १ साठीच्या पुढचा असेल, हे जागतिक आरोग्य संघटनेचंच गणित आहे. कमावणारे कमी आणि घेणारे जास्त, हे चालणार कसं?

दुसरं, आईवडिलांची काळजी ही मुलांची जबाबदारी आहे. ती मी पार पाडली आणि त्यात मला कधी ओझं वाटलं नाही. सगळं सरकारवर ढकललं की घरातली माया पातळ होते.

अनवाणी

@सडेतोड, तुम्ही आईवडिलांचं केलंत, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण ज्यांना मुलं नाहीत, किंवा मुलंच पासष्टीची आहेत, त्यांचं काय? माझी आजी ९४ वर्षांची आहे आणि तिला उचलून बसवणारी माझी आई ७०ची. आईच्या कमरेला पट्टा असतो.

भार कुणावर टाकायचा या प्रश्नाची उत्तरं काही देशांनी शोधली आहेत. जपानने २००० साली दीर्घकालीन काळजीसाठी वेगळा विमा सुरू केला. चाळिशी गाठली की प्रत्येकाने त्यात भरायचं. साधारण निम्मा पैसा या वर्गणीतून येतो, निम्मा करांतून. ६५ नंतर गरज पडली की किती मदत लागते याची तपासणी होते आणि त्या प्रमाणात घरी मदतनीस, दिवसाचं केंद्र, पलंग, व्हीलचेअर असं मिळतं. बहुतेकांना खर्चाचा १० टक्के वाटा स्वतः द्यावा लागतो, उत्पन्न जास्त असेल तर अधिक. म्हणजे ते मोफत नाही. तिशीतल्या माणसाला तर या विम्याची वर्गणीच नाही. जर्मनीनेही १९९५ पासून असाच विमा चालू केलाय.

मायेचं म्हणाल तर आमच्या घरचं सांगते. गेल्या वर्षी एक मदतनीस बाई सकाळी दोन तास यायला लागल्या. आजीची आंघोळ त्या करतात. त्या दोन तासांमुळे आई आजीशी पुन्हा गप्पा मारायला लागलीय. त्याआधी दिवसभर फक्त 'उठ, बस, वळ, हात उचल' एवढंच बोलणं व्हायचं.

खिडकीतून

अनवाणी, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. आमच्याकडे अगदी हेच.

स्टेथो

मी डॉक्टर आहे, वृद्धांच्या आजारांवरच काम करते. पैलतीरताई, तुमची पोस्ट वाचून मला विचारावंसं वाटलं, आई रात्री अडीचला उठल्या का? तशा रोज उठायच्या का? किती वेळा? त्यांना रक्तदाबाची गोळी आहे का, आणि पायावर सूज होती का?

का विचारते ते सांगते. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन हे चांगलं आणि स्वस्त औषध आहे. काही जणांना त्याने घोट्याशी सूज येते. रुग्ण सूज दाखवायला दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. तिथे सुजेसाठी लघवी जास्त होण्याची गोळी मिळते. मग रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, शिवाय उभं राहिल्यावर रक्तदाब पटकन उतरतो. अंधारात, झोपेत, घाईत माणूस पडतो. एका औषधाचा दुष्परिणाम म्हणजे नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध दिलं जातं, आणि साखळी वाढत जाते. तुमच्या आईंचं असंच झालं असेल असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण तपासून घ्या.

काय करायचं तर घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. गोळ्या, थेंब, मलमं, वरून घेतलेली झोपेची किंवा सर्दीची गोळी, काढे, चूर्णं, सगळं. ती पिशवी एकाच डॉक्टरांसमोर रिकामी करा आणि प्रत्येक औषधापुढे विचारा, हे कशासाठी आणि अजून लागतं का? स्वतःच्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नका. काही औषधं एकदम थांबवली तर धोका असतो.

सर्दीच्या आणि खाजेच्या काही जुन्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतो, लघवी अडते, तोल जातो. अशा औषधांची यादी अमेरिकेतले डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ साली पहिल्यांदा केली. ती वेळोवेळी सुधारली जाते, आम्ही रोज वापरतो.

निवेदनात लिहायचं असेल तर हे लिहा: पाच किंवा जास्त औषधं चालू असलेल्या प्रत्येक ज्येष्ठाची वर्षातून एकदा अशी पिशवी-तपासणी, कुठलंही शुल्क न घेता. याला यंत्र लागत नाही. डॉक्टरचा अर्धा तास लागतो, आणि आजच्या व्यवस्थेत त्या अर्ध्या तासाचे पैसे कुणी देत नाही. अडचण तिथेच आहे.

कोनाडा

डॉक्टर, तुमची पोस्ट वाचून उठलो आणि सासऱ्यांचा औषधांचा डबा उघडला. अकरा औषधं निघाली, चार डॉक्टरांची. त्यांतली दोन वेगवेगळ्या नावांची, वेगवेगळ्या रंगांची, पण पट्टीच्या मागे बारीक अक्षरात तेच औषध, त्याच मात्रेत! गेले पाच महिने ते दोन्ही घेताहेत. उद्या सकाळी पहिलं काम हेच.

स्टेथो

@कोनाडा, उद्यावर टाकू नका. दोन्हींपैकी कुठली चालू ठेवायची ते डॉक्टरांना आत्ताच फोन करून विचारून घ्या.

कोनाडा

बोललो. एक थांबवायला सांगितली. परवा सगळा डबा घेऊन बोलावलंय. आभार कसे मानू कळत नाही.

दवबिंदू

आता माझा अनुभव. बाबा, वय ८१, पोटाच्या ऑपरेशनसाठी दाखल होते. दुसऱ्या रात्री ते मला ओळखेनात. सलाईनची नळी ओढायला लागले, भिंतीवर माणसं दिसतायत म्हणाले. आदल्या दिवशी सकाळी हाच माणूस शब्दकोडं सोडवत होता. त्यांचे हात पलंगाला बांधले. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, तिथल्या परिचारिका रात्री एकटीने सगळा वॉर्ड बघत होत्या, त्यांच्यावर राग नाही. पण ते बांधलेले मनगट मी विसरू शकत नाही.

तिसऱ्या दिवशी माझी मावशी भेटायला आली. तिने विचारलं, "यांचा चष्मा कुठाय?" चष्मा कपाटाच्या खणात होता. कानातलं यंत्र पण तिथेच. आम्हीच सामान हरवू नये म्हणून काढून ठेवलं होतं. दोन दिवस बाबा धड न दिसणाऱ्या, धड न ऐकू येणाऱ्या जागेत पडून होते, दिवस की रात्र तेही कळत नव्हतं. मावशीने चष्मा घातला, यंत्र लावलं, खिडकीचा पडदा उघडला, पलंग वळवून घेतला आणि त्यांना वार-तारीख सांगत बसली. संध्याकाळी बाबा म्हणाले, "हिला कुणी बोलावलं? आता सगळं बोलून दाखवेल." तेव्हा आम्ही रडलोही आणि हसलोही.

हे सगळ्यांचं एवढ्यावर बरं होत नाही हे माहीत आहे. पण ही माहिती आम्हाला दाखल करतानाच कुणी दिली असती तर?

स्टेथो

मावशींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे केलं ते अभ्यासातून सिद्ध झालेलं आहे. शॅरन इनोये यांनी अमेरिकेत सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली छापून आला. चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ, पुरेसं पाणी, लवकर चालवणं, रात्री झोपमोड टाळणं, वार-तारखेची आठवण, एवढंच केलं. नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के रुग्णांना असा भ्रम झाला, या वॉर्डात ९.९ टक्क्यांना. एकही नवं औषध न वापरता.

आणि असा अचानक आलेला भ्रम हे 'वय झालं, चालायचंच' म्हणून सोडायचं नाही. संसर्ग, पाणी कमी होणं, औषध, तुंबलेली लघवी, कारण शोधावंच लागतं.

सांजवात

कानाचं यंत्र निघालं म्हणून लिहिते. आमच्याकडे आजोबांना सगळे 'हट्टी' म्हणायचे, 'आपल्यातच असतात' म्हणायचे. ऐकू येत नव्हतं एवढंच होतं. यंत्र महाग म्हणून चार वर्षं ढकललं. ज्या दिवशी लावलं त्या दिवशी पहिलं वाक्य होतं, "हे घड्याळ इतक्या जोरात वाजतं?" दुसरं वाक्य आजीला, "तू अजून तशीच भांडतेस की!" आजी लाजली.

चार वर्षं वाया गेली याचं फार वाईट वाटतं. कान, डोळे, दात हे बहुतेक योजनांच्या बाहेर का असतात? जेवायला दात लागतात, माणसांत बसायला कान लागतात. अमेरिकेची ज्येष्ठांसाठीची मेडिकेअर योजना १९६५ साली आली तेव्हा श्रवणयंत्र, नेहमीचे चष्मे आणि नेहमीचे दातांचे उपचार बाहेरच ठेवले गेले आणि मूळ योजनेत ते आजही बाहेर आहेत, असं वाचलं होतं. म्हणजे हे दुखणं सगळीकडचं दिसतं.

साठीच्या पुढच्या दर चारांत एकाहून अधिक जणांना त्रास होईल इतकं कमी ऐकू येतं. आणि यंत्र लावलं की स्मृतिभ्रंश टळतो, हेही निवेदनात लिहा.

स्टेथो

@सांजवात, मागणीला शंभर टक्के पाठिंबा, पण शेवटचं वाक्य तसं लिहू नका. ऐकू कमी येणं हा स्मृतिभ्रंशाचा एक धोकाघटक आहे, हे खरं. २०२३ साली ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवरच्या श्रवणयंत्राच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीन वर्षांनी सगळे मिळून पाहिलं तर बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. त्यामुळे 'टळतो' हा दावा कुणी खोडून काढेल आणि बाकीचं निवेदनही संशयात येईल. माणूस पुन्हा माणसांत येतो, हे कारण पुरेसं आहे.

सांजवात

पटलं. ते वाक्य मागे घेते. आजीची लाज मात्र मागे घेणार नाही :)

चाळशी

मी ७४ वर्षांची. नातवाने टाइप करायला शिकवलंय, चुका झाल्या तर समजून घ्या.

तुम्ही सगळे फार आपुलकीने लिहिताय. वाचून बरं वाटलं आणि थोडं खुपलंही. सगळीकडे 'माझ्या आईला', 'आमच्या सासऱ्यांना'. त्यांना स्वतःला कुणी विचारलं का? डॉक्टरांकडे गेले की डॉक्टर मुलीकडे बघून बोलतात. "यांना भूक लागते का?" मी समोर बसलेली असते. माझी भूक मला विचारा की.

आमच्यासारख्यांकडे बघण्याच्या या नजरेला डॉ. रॉबर्ट बटलर यांनी १९६९ साली नाव दिलं, एजिझम. वर्णभेद, लिंगभेद तसा वयभेद. माझा गुडघा दुखतो म्हटलं तर उत्तर मिळतं, "या वयात दुखणारच." दुसरा गुडघाही माझाच आहे, त्याचंही वय तेवढंच, तो दुखत नाही.

आणखी एक. नंबर लावायचा तर मोबाइलवरच, रिपोर्ट मोबाइलवर, पैसे मोबाइलवर. संकेतांक येतो आणि मी चष्मा शोधेपर्यंत त्याची मुदत संपते. औषधाच्या पट्टीवरची मुदतीची तारीख चंदेरी कागदावर ठशाने उमटवलेली असते, ती भिंगातूनही लागत नाही. एक खिडकी माणसाची ठेवा आणि अक्षर मोठं करा. याला किती खर्च येतो?

पैलतीर, तू लिहितेस ते चांगलंच लिहिशील. पण आधी आईला विचार, तिला काय हवंय.

खिडकीतून

काकू, चुका एकही नाही. दुसऱ्या गुडघ्याचं मी आज आमच्या घरी वाचून दाखवलं. आईने तीनदा वाचायला लावलं.

सडेतोड

चाळशी काकू, तुमची पोस्ट वाचून थांबलो. मी आईला डॉक्टरांकडे न्यायचो तेव्हा सगळं मीच बोलायचो. चांगल्या हेतूने, वेळ वाचावा म्हणून. आता ती नाही.

माझा पैशाचा मुद्दा मी सोडलेला नाही. पण या धाग्यात वाचलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा कमी आणि लक्ष जास्त लागतं. पिशवी तपासणं, चष्मा खणातून काढणं, अक्षर मोठं करणं. म्हणून सुचवतो, निवेदनात दोन भाग करा. पहिल्यात जे या वर्षी, आहे त्या पैशात होऊ शकतं ते. दुसऱ्यात जे मोठं आहे, ज्याला कायदा आणि निधी लागतो. पहिल्या भागाला कुणाला नाही म्हणता येणार नाही.

आणि काम वाढवूनही खर्च खाली येतो हे विसरू नका. मदुराईला डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ साली, सरकारी नोकरीतून ५८व्या वर्षी निवृत्त झाल्यावर, ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झालेली होती, त्याच बोटांनी त्यांनी हजारो मोतीबिंदू काढले. ज्यांना परवडतं ते पैसे देतात आणि त्यातून बाकीच्यांचं मोफत किंवा नाममात्र शुल्कात होतं. डोळ्यात बसवायचं भिंग बाहेरून आणणं महाग पडत होतं, म्हणून १९९२ पासून ते स्वतःच बनवायला लागले. दानावर विसंबून न राहता हे इतकी वर्षं चाललंय. माझा आक्षेप अशा कामाला कधीच नव्हता.

गोष्टीवेल्हाळ

@सडेतोड, दोन भागांची सूचना उत्तम. फक्त मोठा भाग दुसऱ्या पानावर जाऊन विसरला जाऊ नये. माझ्या वडिलांना मोठ्या अक्षरांनी फायदा झाला असता, पण हृदयाच्या बिलाला त्याचा उपयोग नव्हता. एका पिढीचा विमा म्हातारपणी सुटतो, हे आधी लिहा.

अनवाणी

दोघांनाही अनुमोदन. मोठ्या भागात घरी येणारी परिचर्या हवीच. नेदरलँड्समध्ये २००६ साली ब्यूर्टझोर्ग नावाने काम सुरू झालं, अर्थ शेजारपाजारची काळजी. जास्तीत जास्त बारा परिचारिकांचा एक गट, एक वस्ती, आणि कोणाला कधी किती वेळ द्यायचा हे गटच ठरवतो. त्याच त्याच बायका घरी येतात, त्यामुळे पेशंटच्या चालीत फरक पडला तर त्यांना दारातच कळतो. आमच्या मदतनीस बाईंनीच आजीच्या टाचेवरचा लाल डाग सर्वांत आधी पाहिला होता. वेळीच कळलं म्हणून जखम झाली नाही.

आणि जो घरात काळजी घेतो त्याला सुट्टी. पगारी रजा म्हणा, वर्षातले काही दिवस पर्यायी माणूस म्हणा. माझी आई गेल्या सहा वर्षांत एका रात्रीसाठीही घराबाहेर राहिलेली नाही.

दवबिंदू

अमेरिकेतल्या मॅगी कून यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १९७० साली वयाची ६५ झाली म्हणून त्यांना नोकरीतून सक्तीने निवृत्त केलं. त्यांनी मैत्रिणींना जमवलं आणि त्यातून ग्रे पँथर्स ही संघटना उभी राहिली. त्यांनी सुरुवातीपासून तरुणांनाही सोबत घेतलं. ज्येष्ठांचं निवेदन फक्त ज्येष्ठांनी द्यायचं असं नाही. सह्या करायला नातवंडांनाही घेऊन जा.

पैलतीर

मंडळी, तीन आठवडे गायब होते, क्षमस्व. सगळं वाचत होते.

आधी डॉक्टरांना उत्तर. हो, आई रात्री तीनदा उठायची. हो, सूज होती. हो, तीच गोळी. आणि सुजेसाठी दुसरीकडून मिळालेली लघवीची गोळी, ती रात्री जेवणानंतर घ्यायची. पिशवी घेऊन गेलो. आमच्या डॉक्टरांनी नऊ औषधं टेबलावर ओळीने मांडली आणि आईला, मला नाही, एकेकाबद्दल विचारलं. रक्तदाबाची गोळी बदलली. सूज दहा दिवसांत उतरली, मग दुसरी गोळी थांबवली. आता नऊची सहा झालीत आणि आई रात्री एकदा उठते. उठली की मिनिटभर पलंगाच्या कडेला बसते. तो मिनिट ती मोजते, मला ऐकू येतं.

फिजिओचं काय करायचं यावर डॉक्टरांनी सांगितलं की व्यायामाने, विशेषतः तोलाच्या व्यायामाने, पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी होतं, जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९च्या आढाव्यात हे दिसलंय. पण महिनाभर करून सोडायचं नाही. मग गटात चर्चा झाली आणि एक फिजिओथेरपिस्ट ताई आठवड्यातून दोनदा आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन सगळ्यांना एकत्र शिकवायला तयार झाल्या. खर्च चौदा जणांत वाटला जातो, त्यामुळे आईची तक्रार बंद. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं. पहिल्या दिवशी तिला दोनदा जमलं. काल सातदा.

आता निवेदन. चाळशी काकूंचं ऐकून मी वही घेऊन आईसमोर बसले. म्हटलं, तू सांग, मी लिहिते. मला वाटलं ती औषधं, विमा, ऑपरेशन असं काही म्हणेल. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "लिही. एक. वाचनालयाच्या पायऱ्यांना कठडा लावा."

मी लिहिलं. ती म्हणाली, "आणि वर गेल्यावर बसायला बाक ठेवा. धाप लागते आणि ते दिसू नये असं वाटतं."

तेच पहिले दोन मुद्दे ठेवलेत. तिसरा पिशवी-तपासणी. चौथा दाखल करताना चष्मा-यंत्र-घड्याळाची सूचना लेखी देणं. पाचवा माणसाची खिडकी आणि मोठं अक्षर. इथे पहिला भाग संपतो. दुसऱ्या भागात सगळ्या वयांचा एकत्रित विमा, ऑपरेशननंतरची फिजिओ त्यातच, कान-डोळे-दात त्यातच, घरी परिचर्या, आणि काळजी घेणाऱ्याला रजा. गोष्टीवेल्हाळ, विम्याचं वाक्य तुमच्या वडिलांच्या अनुभवावरूनच लिहिलंय, नाव न घालता. चालेल ना?

गोष्टीवेल्हाळ

चालेल. त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, तीस नाही, एकतीस वर्षं भरला. तेवढं दुरुस्त करा.

चाळशी

धाप दिसू नये असं वाटतं. अगदी, अगदी. आईला सांग, मलाही तसंच वाटतं.

सडेतोड

माझी सही घ्या. मुलगी १९ वर्षांची आहे, तीही करतेय. आणि कठडा दोन्ही बाजूंना मागा. चढताना एक हात धरायला लागतो, उतरताना दुसरा, आणि खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला बाजू निवडता येत नाही. गोल नळीचाच घ्या, साधारण ३२ ते ४५ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे मूठ पुरती मिटते. शेवटच्या पायरीच्या थोडा पुढेपर्यंत न्यायला सांगा, तोल तिथेच जातो. मापं घ्यायची असतील तर सांगा, रविवारी टेप घेऊन येतो.